दुर्बीण, जाळी आणि हात

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

या स्टुडिओत मी आजवर आलो तो कविता वाचायला. या वेळी आरोग्याच्या मालिकेतलं एक भाषण डॉक्टरांऐवजी रुग्णाने करावं असं ठरलं, आणि माझ्या दुखण्याचं नाव ऐकून कार्यक्रम अधिकारी क्षणभर थांबले. रेडिओवर ‘जांघ’ हा शब्द चालेल ना, हा प्रश्न आम्हा दोघांच्या मनात एकदमच आला असावा. मी म्हटलं, चालवू या. हा शब्द तोंडातून निघत नाही म्हणून तर माणसं हे दुखणं वर्षानुवर्षं लुंगीत नाहीतर पायजम्यात लपवून ठेवतात. डॉक्टरसमोर गेली तरी ‘पोट जरा बिघडलंय’ इथपासून सुरुवात करतात आणि गोळ्या घेऊन परत येतात.

मराठीत या दुखण्याला एक चांगला शब्द आहे, अंतर्गळ. ऐकताच आतलं काहीतरी खाली गळल्याचं चित्र उभं राहतं. बोलताना कुणी तो वापरत नाही. ‘आतडं उतरलंय’, ‘गाठ आलीय’, ‘खालचं दुखणं’, नाहीतर सरळ ‘हर्निया’. हर्निया पोटावर अनेक ठिकाणी होतो. बेंबीत होतो, जुन्या ऑपरेशनच्या व्रणातून होतो. आज मी बोलणार आहे तो जांघेतल्या हर्नियाबद्दल, आणि त्यातही दुर्बिणीतून होणाऱ्या ऑपरेशनबद्दल. ते किती सुरक्षित, आणि त्याचं पुढे काय होतं, हे मला माझ्यासाठी शोधून काढावं लागलं. मी कला शाखेचा पदवीधर, तेव्हा जे समजलं ते साध्या भाषेतच समजलं आहे.

मुलगा आईच्या पोटात असतो तेव्हा त्याचे वृषण आधी पोटातच, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात. जन्मापूर्वी ते जांघेतल्या एका वाटेने खाली उतरतात. ती वाट मागाहून मिटते, पण तिथली भिंत जन्मभर थोडी कच्ची राहते. खोकला, कुंथणं, वाढतं वय यांनी कधीतरी ती ढिली पडते आणि पोटाचं आतलं अस्तर पिशवीसारखं बाहेर डोकावतं. त्या पिशवीत कधी चरबी असते, कधी आतडं. उभं राहिलं की फुगवटा येतो, आडवं झालं की आत जातो. १०० पुरुषांपैकी साधारण २७ जणांना आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो असा अंदाज आहे, स्त्रियांत १०० पैकी तिघींना. ओझं उचलल्यानेच होतो असं आपण सरसकट म्हणतो, पण तितकं सरळ नाही. ज्यांनी जन्मात पोतं उचललं नाही अशा कारकुनांना होतो. बापाला असला तर मुलाला होण्याची शक्यता वाढते. एका बाजूला झाला तर दुसऱ्या बाजूलाही होऊ शकतो, माझं तसंच झालं.

आता ही गाठ धोकादायक केव्हा? आत जाणारी गाठ सहसा घाई करत नाही. पण एखाद्या दिवशी आतडं त्या फटीत अडकतं, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि मग तासांचा हिशेब सुरू होतो.

माझे मामू सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते. हळदीची पोती. त्यांना गाठ किती वर्षं होती ते मुमानीलाही नक्की माहीत नव्हतं. ते लंगोट घट्ट बांधत, त्यात कापडाची गादी घालत, आणि कामाला जात. १९९४ च्या पावसाळ्यात एका रात्री गाठ आत जाईना. दगडासारखी झाली. उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं. पहाटेपर्यंत घरातल्यांनी ओवा-सोडा केला, कारण मामू ‘पोटात कळ आलीय’ इतकंच सांगत होते. गाठ कुणाला दाखवली नाही. सकाळी दवाखान्यात नेलं तेव्हा आतड्याचा वीतभर तुकडा काळा पडला होता. तो कापून टाकला. सहाव्या दिवशी मामू गेले.

स्वीडनमध्ये हर्नियाच्या ऑपरेशनांची देशभर नोंद ठेवतात. तिथल्या एक लाखाहून अधिक ऑपरेशनांचा हिशेब २००७ साली छापला गेला. ठरवून, वेळेवर केलेल्या ऑपरेशननंतर मृत्यूचं प्रमाण त्या वयाच्या इतर माणसांपेक्षा वाढलेलं दिसलं नाही. तातडीने करावं लागलं तर ते सातपट झालं, आणि आतडं कापावं लागलं तर वीसपट. मामूंची गोष्ट त्या शेवटच्या आकड्यातली. तेव्हा गाठ अचानक कडक झाली, दुखू लागली, आत जाईना, उलट्या होऊ लागल्या किंवा वारा सरेना, तर गाठ चेपत बसू नका, ओवा देऊ नका. रात्र असली तरी रिक्षा बोलवा.

ऑपरेशन कसं करतात हे सांगताना मला आमच्या घरचा धंदा आठवतो. अब्बा शिंपी होते. त्यांचं म्हणणं, फाटलेल्या कापडाची दोन टोकं ओढून शिवलीत तर टाका टिकेल, पण शेजारी फाटेल. शल्यविद्येने हीच गोष्ट शिकायला शंभर वर्षं घेतली. इटलीतल्या पादुआ शहरात एदुआर्दो बासिनी नावाच्या शल्यचिकित्सकाने १८८० च्या दशकात जांघेची ढिली भिंत थराथराने शिवायची पद्धत बसवली. त्याआधी हर्नियाचं ऑपरेशन म्हणजे जवळजवळ जुगार होता, त्याने त्याला शास्त्र केलं. पण टाके ओढून घातलेले. ताणावर राहायचे, दुखायचे, काहींचे सुटायचे. इंग्लंडात तर नायलॉनच्या धाग्याने विणून भिंत भरायची पद्धतही होती आणि तिचं नावच ‘डार्न’, म्हणजे आपला रफू. अमेरिकेत टेक्सासमध्ये फ्रान्सिस अशर यांनी १९५० च्या दशकाअखेरीस प्लॅस्टिकच्या धाग्याची जाळी वापरायला सुरुवात केली, आणि १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिक्टेनस्टाइन यांनी ओढाताण न करता नुसती जाळी बसवायची पद्धत रूढ केली. अब्बांच्या भाषेत, रफू सोडून ठिगळ. ठिगळाला ताण नसतो. मांसाचे तंतू त्या जाळीतून वाढतात आणि ती भिंतीचाच भाग होते. आज ‘उघडं ऑपरेशन’ म्हणतात ते बहुतेक ठिकाणी हेच. जांघेत बोटभर-दोन बोटं लांब छेद, आणि बाहेरून ठिगळ.

दुर्बिणीचं ऑपरेशन यापुढचं. आपल्याकडे पित्ताशयाची पिशवी दुर्बिणीतून पहिल्यांदा काढली ती १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी. सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णाला लवकर कामावर परत जाता आलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. ते २०२३ मध्ये गेले. हर्नियासाठीही जगभर ही पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच आली. बेंबीजवळ एक सेंटीमीटरभराचं भोक, त्यातून दुर्बीण. खाली अर्ध्या सेंटीमीटरची आणखी दोन, त्यातून अवजारं. जागा मोकळी व्हावी म्हणून कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. हा सोड्याच्या बाटलीतलाच वायू. तो पेट घेत नाही, रक्तात सहज विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. मग टीव्हीच्या पडद्याकडे बघत डॉक्टर काम करतात.

यात दोन वाटा आहेत. एकीत पोटाच्या पोकळीत शिरतात, अस्तर उघडतात, जाळी लावतात आणि अस्तर पुन्हा शिवतात. दुसरीत पोकळीत जातच नाहीत. स्नायू आणि अस्तर यांच्यामधली जागा सोडवून तिथेच जाळी पसरतात. दोन्हींत जाळी भिंतीच्या आतल्या बाजूने बसते, आणि खरी खुबी तिथे आहे. सायकलचा टायर फाटला की ट्यूब त्या चिरेतून फुगा काढते. दुकानदार काय करतो? बाहेरून काही चिकटवत नाही, आतून गेटर घालतो. ट्यूबची हवाच त्या गेटरला दाबून धरते. इथेही तसंच, पोटातला जो दाब हर्नियाला बाहेर ढकलत होता तोच दाब जाळीला जागेवर धरतो. मात्र गेटर फाट्यापेक्षा बराच मोठा हवा. दहा बाय पंधरा सेंटीमीटरपेक्षा लहान जाळी घालू नये, असं आता सगळे मानतात.

आतून काम करायचं म्हणजे आतला मुलूख माहीत हवा. त्या मुलखातल्या नावांनी मी कवी म्हणून चकित झालो. जिथे पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात त्या जागेला डॉक्टर लोक ‘विनाशाचा त्रिकोण’ म्हणतात. त्याच्या शेजारी जिथे नाजूक नसा पसरलेल्या असतात तो ‘वेदनेचा त्रिकोण’. तिथे जाळी पक्की करायला एक टाचणी मारली तरी मांडी आयुष्यभर जळत राहू शकते. आणि हाडावरून जाणाऱ्या एका रक्तवाहिनीचं लॅटिन नाव आहे ‘मृत्यूचा मुकुट’. आमच्यातल्या भल्याभल्या गझलकारांना अशी नावं सुचली नसती. ती ठेवणाऱ्यांनी मात्र गंमत म्हणून ठेवली नाहीत. शिकाऊ हाताने तिथे चुकू नये म्हणून ठेवली.

आता मुख्य प्रश्न. दुर्बिणीचं चांगलं की उघडं? मला वाटलं होतं, नवीन ते चांगलं असं उत्तर मिळेल. आकडे तसे निघाले नाहीत.

ब्रिटनमधल्या ९२८ रुग्णांची पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. कुणाचं ऑपरेशन कोणत्या पद्धतीने करायचं ते चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं होतं. दुर्बीणवाले साधारण दहा दिवसांत नेहमीच्या हिंडण्याफिरण्याला लागले, उघड्या ऑपरेशनवाल्यांना चौदा दिवस लागले. वर्षानंतर जांघ दुखते म्हणणारे दुर्बीणवाल्यांत सुमारे २९ टक्के होते, दुसऱ्यांत ३७ टक्के. इथवर दुर्बिणीची जीत. पण वर्षभरात हर्निया परत आला तो फक्त दुर्बीणवाल्यांनाच, आणि ज्या तीन गंभीर इजा झाल्या त्याही त्यांच्यातच. २००१ मध्ये ब्रिटनच्या अधिकृत संस्थेने सल्ला दिला की पहिल्यांदाच झालेल्या हर्नियासाठी उघडंच ऑपरेशन बरं. २००४ मध्ये त्याच संस्थेने मत बदललं आणि दुर्बिणीलाही बरोबरीची जागा दिली.

गंमत अशी की त्याच २००४ साली अमेरिकेतून उलटी बातमी आली. तिथे माजी सैनिकांच्या १४ रुग्णालयांत सुमारे दोन हजार पुरुषांवर अशीच पाहणी झाली होती. दोन वर्षांत हर्निया परत आला तो दुर्बिणीच्या गटात १० टक्के लोकांना, उघड्याच्या गटात ५ टक्क्यांहून थोड्या कमी लोकांना. दुप्पट! दुर्बिणीचा फायदा काय, तर एक दिवस लवकर कामाला. वर्तमानपत्रात इतकंच छापलं तर कुणीही दुर्बिणीचं नाव काढणार नाही. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा होता. ज्या शल्यचिकित्सकांनी आधी अशी अडीचशेहून जास्त ऑपरेशनं केली होती, त्यांच्या रुग्णांत परत येण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत होतं.

स्वीडनची पाहणी याहून बोलकी आहे. दीड हजार पुरुष, पाच वर्षांचा पाठपुरावा. २००९ मध्ये निकाल छापला. दुर्बिणीनंतर साडेतीन टक्के हर्निया परत आले, उघड्यानंतर सव्वा टक्का. मग त्यांनी एकेका डॉक्टरचा हिशेब मांडला. दुर्बिणीच्या गटात परत आलेल्या २१ हर्नियांपैकी सात एकाच डॉक्टरच्या हातचे निघाले! त्याला वगळलं तर दोन पद्धतींतला फरक म्हणण्यासारखा उरला नाही. आणि पाच वर्षांनी जांघ दुखण्याचं प्रमाण दुर्बिणीवाल्यांत ९.४ टक्के होतं, उघड्यावाल्यांत १८.८. त्या एका डॉक्टरचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तो वाईट माणूस असेल असं मुळीच नाही. आपल्या हातचे सात परत आलेत हे त्याला हिशेब होईपर्यंत ठाऊकही नसेल.

२०१८ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. जाळी वापरावी, उघडं किंवा दुर्बिणीचं यापैकी जे डॉक्टरला नीट येतं ते करावं, आणि दुर्बिणीचा हात बसायला ५० ते १०० ऑपरेशनं लागतात, असं त्यांत म्हटलं आहे. ऑपरेशननंतर महिनोन् महिने राहणारं दुखणं दहा-बारा टक्क्यांना होतं, काळाबरोबर ते कमी होत जातं. रोजच्या कामात अडथळा आणणारं दुखणं अर्ध्या टक्क्यापासून सहा टक्क्यांपर्यंत. हा आकडा आपल्याकडे ऑपरेशनआधी सहसा कुणी सांगत नाही. सांगायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणी दुर्बिणीकडे जावं, हेही बरंचसं ठरलेलं आहे. दोन्ही बाजूंना असेल तर त्याच तीन भोकांतून दोन्हीकडे जाळी घालता येते. आधी उघडं ऑपरेशन होऊन परत आला असेल तर जुन्या व्रणात पुन्हा शिरण्यापेक्षा आतून जाणं सोपं. आणि स्त्रिया. बायकांच्या जांघेत पुष्कळदा हर्निया थोडा खाली, मांडीच्या तोंडाशी असतो. तो बाहेरून कळत नाही आणि अडकतो लवकर. दुर्बिणीतून दोन्ही जागा एकदम दिसतात. आयाबहिणी या बाबतीत पुरुषांपेक्षाही गप्प, म्हणून मुद्दाम सांगतो, जांघेतली गाठ वाट बघायची नाही.

उलट ज्यांचं हृदय किंवा फुप्फुस कमकुवत आहे त्यांना पूर्ण भूल देणं जोखमीचं. दुर्बिणीला बहुधा ती लागते. उघडं ऑपरेशन त्या जागेपुरतं इंजेक्शन देऊन, रुग्ण गप्पा मारत असतानाही होतं. प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन पूर्वी झालेलं असेल तर आतली वाट चिकटलेली असते, तिथेही उघडंच बरं.

आणि ज्यांना गाठ आहे पण त्रास काहीच नाही अशा पुरुषांचं काय? अमेरिकेत ७२० जणांवर याची पाहणी झाली. २००६ चा निकाल असा की थांबलेल्यांना फारसा धोका झाला नाही. हजार माणसं वर्षभर थांबली तर दोघांपेक्षा कमी जणांची गाठ अडकते. म्हणजे थांबणं हा वेडेपणा नाही. पण दोन वर्षांत थांबलेल्यांपैकी चौथा हिस्सा, आणि दहा वर्षांत दोनतृतीयांशाहून अधिक लोक, दुखायला लागलं म्हणून टेबलावर गेलेच. आमचे मामू थांबले नव्हते, ते लपले होते. डॉक्टरला माहीत असताना थांबणं निराळं.

खर्चाचं बोललं पाहिजे. दुर्बिणीचं महाग पडतं, शासकीय योजनेत ते बसतं की उघडंच बसतं हे आधी विचारून घ्यावं. जाळीचीही किंमत असते. इथे आपल्या महाराष्ट्राची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी पाहिलं की गरीब शेतकऱ्याला आयात जाळी परवडत नाही. त्यांनी मच्छरदाणीचं कापड घेतलं, तुकडे केले, निर्जंतुक केलं आणि ते वापरलं. इतर ग्रामीण डॉक्टरांसह साडेतीनशेहून अधिक हर्नियांचा अनुभव त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. शहरात तेव्हा कुणी नाकं मुरडली असतील. पुढे पूर्व युगांडात तीनशेवर पुरुषांवर मच्छरदाणीच्या कापडाची आणि महागड्या जाळीची तुलना झाली. उघड्या ऑपरेशनची, दुर्बिणीची नव्हे. २०१६ मध्ये निकाल आला. वर्षभरात मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परत आला, महागड्या जाळीच्या गटात कुणाचाच नाही. बाकी तक्रारी दोन्हींकडे सारख्याच. दुसऱ्या टोकाला यंत्रमानव आहे. रोबोटने केलेलं आणि साधं दुर्बिणीचं ऑपरेशन यांची अमेरिकेत १०२ रुग्णांवर तुलना झाली, २०२० मध्ये छापली. रोबोटला वेळ जास्त लागला, पैसा जास्त लागला, आणि डॉक्टरांची चिडचिडही जास्त झाली. ही चिडचिड मोजायची सुद्धा त्यांच्याकडे पद्धत आहे, याचं मला कौतुक वाटलं.

माझ्या स्वतःच्या बाबतीत दोन्ही बाजूंना गाठ होती, वय ५४, हृदय ठीक. म्हणजे दुर्बीण. डॉक्टर निवडताना एकच प्रश्न महत्त्वाचा होता आणि तो विचारणं सर्वांत कठीण होतं. आपल्याकडे डॉक्टरला असं विचारणं म्हणजे अपमान समजतात. मिरज-सांगलीत डॉक्टर पुष्कळ, पण प्रश्न विचारणारा रुग्ण आगाऊ ठरतो. मी पहिल्या ठिकाणी विचारलं तेव्हा ‘विश्वास नसेल तर दुसरीकडे जा’ असं उत्तर आलं. मी गेलो. दुसरे डॉक्टर वयाने माझ्याहून लहान. त्यांना म्हटलं, “डॉक्टरसाहेब, राग मानू नका, अशी किती केलीत तुम्ही?” ते म्हणाले, “चारशेच्या पुढे.” मी म्हटलं, “परत किती आले?” ते जरा थांबले. “जे परत माझ्याकडे आले ते सांगू शकतो. काहीजण चिडून दुसरीकडे गेले असतील, ते मला मोजता येत नाहीत.” मी तिथेच सही करायला तयार झालो. फॉर्म इंग्रजीत होता. तो त्यांनी परिचारिकेकडून मराठीत वाचून घेतला. त्यात एक ओळ होती, गरज पडल्यास उघडं ऑपरेशन करू. ती हार मानल्याची ओळ आहे असं पुष्कळांना वाटतं. आत रक्त दिसलं किंवा वाट सापडेना, तर शहाणा डॉक्टर हट्ट न करता बाहेरून जातो, म्हणून ती लिहिलेली असते.

सकाळी ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी दुपारी घर. पहिले दोन दिवस जांघेपेक्षा खांदा जास्त दुखला. वायूमुळे पोटाचा पडदा चिडतो आणि दुखणं खांद्यात उमटतं, हे आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. खोकला आला की उशी पोटाशी धरायची. आठव्या दिवशी डाव्या बाजूला पुन्हा गाठ! आमच्या घरी रडारड व्हायची तेवढी बाकी होती. दाखवलं तर ते पाणी होतं. पिशवी ओढून घेतलेल्या रिकाम्या जागेत पाणी साठतं आणि सहसा काही आठवड्यांत आपोआप जिरतं. सुई घालून काढायची घाई करू नये, जंतू शिरतात. माझं महिन्यात गेलं.

तीन महिने वाकू नका, बादली उचलू नका, हे आपल्याकडचं ठरलेलं पथ्य. आताच्या सूचना तसं म्हणत नाहीत. दुखत नाही तितकं नेहमीचं काम सुरू करा, म्हणतात. रोजंदारीवर जगणाऱ्याला तीन महिने आणि दोन आठवडे यांत केवढा फरक असतो ते मार्केट यार्डात विचारावं.

माझा प्रश्न नमाजचा होता. दिवसाच्या फर्ज रकाती १७, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवून उठणं ३४ वेळा, नफिल-सुन्नत वेगळ्या. डॉक्टरांनी हा हिशेब कधी केला नव्हता. कागदावर मांडून बघितला, हसले. शेजारच्या खाटेवर कवठे महांकाळकडचे एक माळकरी होते, त्यांना वारीची काळजी. आषाढीला तीन महिने अवकाश होता, पण त्यांनी तारखेनिशी विचारलं. दोघांनाही उत्तर एकच मिळालं, दुखत नसेल तर करा, जाळीला काही होत नाही. मी चौथ्या दिवसापासून खुर्चीवर बसून नमाज पढलो, बाराव्या दिवशी जमिनीवर. माळकरीबुवा पंढरपूरला चालत जाऊन आले आणि येताना माझ्यासाठी चुरमुऱ्यांची पुडी घेऊन आले.